लूनाची पायडलं

लूनाला पायडलं होती, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. आमच्या भाचरांना लूना म्हटलं की तिची जाहिरात तेवढी माहीत असते, तीही कुणीतरी मोबाइलवर पाठवली म्हणून. पण लूनाला चांगली दोन पायडलं होती. पायडल मारूनच ती चालू करावी लागायची, आणि पेट्रोल संपलं (म्हणजे महिनाअखेरीला!) तर तशीच पायडल मारत घरी आणता यायची. मग लूना म्हणजे इंजिन लावलेली सायकल, की पायडलं लावलेली मोटरसायकल?

एवढ्या वर्षांनी हा प्रश्न उकरून काढायचं कारण घरगुती आहे. मी गेली बावीस वर्षं बावधनहून डेक्कनला सायकलने कामावर जातो. जाताना चांदणी चौक ओलांडला की पौड रस्त्याने उतारच उतार. संध्याकाळी तोच रस्ता व्याजासकट वसुली करतो. आता वय चोपन्न, उजवा गुडघा त्याहून चारपाच वर्षांनी मोठा. त्यामुळे घरात ठराव मांडला गेला आहे की, ई-सायकल घ्यावी. सूचक आमची सौ., अनुमोदक कन्या. विरोधात रविवारी सिंहगडच्या पायथ्यापर्यंत बरोबर येणारी मित्रमंडळी. त्यांच्या मते ही शुद्ध लबाडी. "मोटरच लावायची तर सायकल कशाला म्हणायचं?"

मित्रांचा हा आक्षेप मला झोंबला, हे खरं. म्हणून मग सायकलचा इतिहास चाळत बसलो. तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य फार जुनं आहे. सायकलला जेव्हा जेव्हा काही नवीन मदत मिळाली, तेव्हा तेव्हा कुणीतरी ते म्हटलेलं आहे.

सुरुवातीला तर पायडलंच नव्हती. १८१७ साली जर्मनीत मानहाइम इथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिच्यावर बसायचं आणि जमिनीला पाय रेटत पळायचं. चाकाला पायडल लागलं ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. मग आली ती पुढचं चाक पुरुषभर उंच असलेली सायकल. तिच्यावरून पडलं की थेट डोक्यावर. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' आणली. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. तिला 'सेफ्टी' म्हणत, आणि उंच चाकावर बसणाऱ्या बहाद्दरांना ती भित्र्यांची गाडी वाटे. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. त्या जाड्या टायरला लोक हसले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या गड्याने त्या टायरवर शर्यती जिंकल्या, तेव्हा कुठे हसू थांबलं.

पण खरी गंमत गिअरची आहे. फ्रान्समध्ये सँत-एतिएन नावाचं डोंगराळ भागातलं गाव आहे. तिथे पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ राहत. 'व्हेलोसिओ' या नावाने लिहीत आणि चढावर गिअर बदलता आले पाहिजेत असा जन्मभर प्रचार करीत. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी ठेवली. एकीकडे फिशर नावाचा नावाजलेला शर्यतपटू, एकाच गिअरच्या सायकलवर. दुसरीकडे मार्थ हेस ही तरुणी, तीन गिअरच्या सायकलवर. मार्थबाई जिंकल्या, आणि तेही वाटेत कुठेही पाय न टेकता.

आता एवढं झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण आंरी देग्रांज यांना ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, ज्यांनी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली तेच हे देग्रांज. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांचं काम, जिंकावं ते स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर, असा त्यांचा बाणा. त्यांच्या या हट्टापायी त्या शर्यतीत चालता चालता बदलायचे गिअर १९३७ सालापर्यंत चालत नसत. शर्यतपटू काय करायचे, तर मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चक्रं लावायचे. चढाच्या पायथ्याशी खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुढे निघायचं. म्हणजे मदत हवी होतीच. फक्त ती मिळवताना हात काळे झाले पाहिजेत, एवढीच अट!

माझ्या मित्रांच्या सायकलींना एकवीस-एकवीस गिअर आहेत. देग्रांज यांच्या हिशेबाने तेही लबाडच. हे मी त्यांना ऐकवलं. त्यावर एकाने मुद्देसूद उत्तर दिलं: "गिअर तुझीच ताकद वापरतो. मोटर बाहेरून ताकद आणते."

हे मात्र खरं आहे. शास्त्रापुढे इलाज नाही. सायकलसकट नव्वद किलोचा ऐवज शंभर मीटर उंच चढवायचा तर साधारण २५ वॅट-तास ऊर्जा लागते. गिअर कितीही लावा, ती तेवढीच लागणार. माझ्यासारखा माणूस टिकून ७५ वॅटचा जोर लावतो असं धरलं, तर नुसत्या उंचीसाठीच वीस मिनिटं हवीत. अडीचशे वॅटची मोटर बरोबर असेल तर तेच काम पाच मिनिटांच्या आत होतं. पण मग त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त चढ मी चढलेलाच नसतो.

मग विजेच्या सायकलचा इतिहास पाहू. तोही वाटतो तेवढा नवीन नाही. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने तीनचाकी सायकलला विजेची मोटर लावून रस्त्यावर चालवली. १८९५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या ऑग्डेन बोल्टन याने मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवायचं पेटंट घेतलं. आजही बऱ्याच ई-सायकलींची मोटर तिथेच असते. मग शंभर वर्षं ही कल्पना का पडून राहिली? बॅटरीमुळे. शिशाची बॅटरी जड. बोल्टनची मोटर दहा व्होल्टवर शंभर अँपियरपर्यंत वीज ओढायची. तेवढी पुरवणारी बॅटरी वाहायची म्हणजे घोड्यावर घोड्याचाच दाणागोटा लादण्यासारखं. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हळूहळू हे गणित सुटलं.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९९३. त्या वर्षी जपानमध्ये यामाहाने 'पास' नावाची सायकल विकायला काढली. हिची खुबी अशी की मोटर आपणहून चालतच नाही. पायडलवर पायाचा किती जोर पडतो ते यंत्र मोजतं आणि त्या मानाने मोटर हातभार लावते. पाय थांबले की मोटरही थांबली. जपानचा तेव्हाचा नियम फार सुंदर होता. ताशी १५ किलोमीटरपर्यंत माणसाचा जोर जेवढा, मोटरचा फार तर तेवढाच. त्यापुढे मदत कमी कमी होत जाऊन २४ किलोमीटरला शून्य. म्हणजे कायद्यानेच ठरवलं की मोटरने माणसाच्या पुढे जायचं नाही, बरोबरीने चालायचं.

चीनमध्ये वेगळंच झालं. तिथल्या १९९९ सालच्या नियमाप्रमाणे विजेच्या सायकलला पायडलं असणं सक्तीचं होतं. नियम पाळला गेला, पायडलं बसवली गेली. पण बऱ्याच गाड्यांची पायडलं नुसती दाखवण्यापुरती. लोक मूठ पिळून जायचे.

आणि इथे मला आमची लूना आठवली. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली लूना आणली. पन्नास सीसीचं इंजिन, घरातल्या कुणालाही चालवता येईल अशी. स्कूटरसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं. त्यामागे पुणेकरांची काटकसर होती तसा भूगोलही होता. सगळ्या पेठा नदीकाठच्या सपाटीवर, घर, कॉलेज, कचेरी, मंडई सगळं तीनचार किलोमीटरच्या आत. तासावर भाड्याने सायकल मिळे, नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा लागे, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली.

मग कारखाने पिंपरी-चिंचवडला गेले. आमचे वडीलही सदाशिव पेठेतून पिंपरीला नोकरीला लागले, जाऊन येऊन तीस किलोमीटर. दोन वर्षं त्यांनी ते सायकलने केलं. १९७८ साली लूना घेतली. त्यांना दोष द्यायची माझी प्राज्ञा नाही. पावसाळ्यात ओलेचिंब होऊन रात्री नऊला येणारा माणूस साडेसातला यायला लागला. आईच्या लेखी लूना म्हणजे देवच. पण अ‍ॅटलास सायकल जिन्याखाली गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. लूना चौदा वर्षांनी विकली तेव्हा मी पाहिलं होतं, तिचे टायर दोनदा बदललेले, सीट फाटलेली, आणि पायडलांचे रबर मात्र जवळजवळ कोरे. साठीत दादांना पर्वतीच्या पायऱ्या दोन ठिकाणी बसल्याशिवाय चढवत नसत.

माझी भीती ही आहे. लबाडी वगैरे शब्द मित्रांना लखलाभ. मदत एकदा आली की ती बरोबरीने चालेल, की हळूच सगळं काम आपल्याकडे घेईल, हा खरा प्रश्न. इतिहासातून मला त्याची एक साधी कसोटी मिळाली: पाय थांबले की मदत थांबते का? फ्रीव्हील, गिअर, यामाहाची १९९३ सालची सायकल या कसोटीला उतरतात. लूना उतरत नाही. आपल्याकडच्या कायद्यात अडीचशे वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पण त्यात पायडल मारलंच पाहिजे असं काही नाही. म्हणून दुकानात दिसणाऱ्या बऱ्याच ई-सायकलींच्या मुठीला अ‍ॅक्सिलरेटर असतो. तो असला की थकलेल्या संध्याकाळी मी काय करीन, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी माझ्या वडिलांचाच मुलगा.

दुसरा मुद्दा आमच्या कन्येने काढला, आणि तो या सगळ्याहून मोलाचा आहे. युरोपातल्या सात शहरांत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ई-सायकलवाल्यांची आणि साध्या सायकलवाल्यांची हालचाल साधारण सारखीच भरते असं त्यात दिसलं, कारण ई-सायकलवाले लांब लांब जातात. मात्र त्यात एक बारीक मेख आहे. मोटार किंवा बस सोडून जे ई-सायकलवर आले त्यांचा व्यायाम वाढला. साधी सायकल सोडून जे आले त्यांचा थोडा घटला.

हे वाचून मी म्हटलं, "बघ, म्हणजे माझा तोटाच." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही सायकलने कितीदा गेलात?"

घरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर मी सायकलच्या दिवशी खूण करतो. मोजल्या. बावीस दिवसांत नऊ. उरलेले तेरा दिवस स्कूटर. त्याच्या आदल्या महिन्यात अकरा. पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर (आमच्याकडे कॅलेंडरं टाकत नाहीत) काढलं, तर तेव्हा महिन्याला एकोणीस-वीस. म्हणजे माझी सायकल सुटायला लागलीच आहे. ती ई-सायकलने सोडवलेली नाही. चढाने, गुडघ्याने आणि दारात उभ्या असलेल्या स्कूटरने सोडवली आहे. घरात ठराव चालला होता 'सायकलऐवजी ई-सायकल' असा. हिशेब करता तो 'स्कूटरऐवजी ई-सायकल' असा मांडायला हवा.

तेव्हा निर्णय असा. मोटर अडीचशे वॅटची, पायडलवर चालणारी, मुठीला अ‍ॅक्सिलरेटर नसलेली. दुकानदार म्हणाला, "काका, तो फुकटच येतो त्याच्याबरोबर." म्हटलं, "फुकट काढून द्या." वजन बाविसेक किलो, म्हणजे दादांच्या अ‍ॅटलासच्या आसपास. ते त्यांनी पिंपरीपर्यंत रेटलं, मग मला मोटरच्या मदतीने चांदणी चौकापर्यंत रेटायला हरकत नसावी. किंमत माझ्या सायकलच्या चौपट, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार तो खर्च वेगळा. जुनी सायकल विकायची नाही. गावात जायला आणि रविवारी मित्रांच्या शिव्या खायला ती लागेल. कॅलेंडरवर आता दोन रंगांच्या खुणा होतील आणि वर्षाअखेरीस मोजणी कन्या करणार आहे, मी नाही.

तुमच्यापैकी कुणी पुण्याच्या पावसात ई-सायकल चालवली असेल तर बॅटरीचं काय होतं ते जरूर कळवा. आणि ठाण्याच्या मावशीला निरोप: स्कूटर विकायला काढली आहे, राजूला हवी असेल तर शनिवारच्या आत फोन करायला सांग. रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय.