बालमेंदूचे तरंग

हातपाय आणि जिव्हा ज्यांच्या स्वाधीन नाहीत अशा मुलांनी केवळ मनोव्यापाराने यंत्र चालवावे, असे प्रयोग आज कॅनडातील कॅल्गरी येथे चालू आहेत. डोक्यावर विद्युदग्रांची टोपी घालून मुले खेळ खेळतात, चित्रे रंगवितात. ही विद्या प्रौढांची, मुलांस ती मागाहून लाभली, असा आपला समज असतो. तिचा उगम पाहिला म्हणजे तो टिकत नाही.

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर ह्याने १९२४ साली मानवी मेंदूचे विद्युत्तरंग प्रथम टिपले, ते शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलावर. पुढील कित्येक नोंदी त्याने आपला मुलगा क्लाउस ह्याच्या डोक्यावरून घेतल्या. तरंग व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढे क्षीण! ते उपकरणाचे दोष तर नव्हेत, ह्या शंकेने पछाडलेल्या बर्गरने पाच वर्षे काही छापले नाही. १९२९ साली निबंध निघाला. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज ह्यांनी प्रयोग करून दाखविल्यावर जगाचा विश्वास बसला.

पण त्याच बर्गरने पुढे, १९३३ च्या नाझी कायद्याने निर्माण झालेल्या आनुवंशिक आरोग्य न्यायालयाच्या कामात भाग घेतला. ‘जन्मजात मतिमांद्य’ हे तेथे सक्तीच्या निर्बीजीकरणास पुरेसे कारण होते. प्रकरण निकालात काढणे हा शब्दप्रयोग किती थंड असतो, हे आम्हा कचेरीतल्या मंडळींस सांगावयास नको. ज्याला वाचा नाही त्याला बुद्धीही नाही, असे ठरविणे फार सोपे असते. आणि वाचेवाचून मनाची खूण देणारे साधन तर बर्गरच्याच प्रयोगशाळेत जन्मले होते. ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी राहिल्या. १९४१ साली त्याने आत्महत्या केली.

मेंदू आणि संगणक ह्यांचा थेट संवाद जुळविण्याची कल्पना झाक विडाल ह्याने १९७३ साली मांडली. १९८८ साली फारवेल आणि डॉन्चिन ह्यांनी लुकलुकणाऱ्या अक्षरांच्या चौकटीतून मनातील अक्षर ओळखून दाखविले. मुलांच्या बाबतीत मात्र अडचण निराळी. मिटल्या डोळ्यांच्या स्वस्थ अवस्थेत प्रौढाचा ताल सेकंदास सुमारे दहा आवर्तनांचा, तर तीन वर्षांच्या बालकाचा सुमारे आठांचा. प्रौढांवर बेतलेले गणित त्याला कसे लागू पडावे? शिवाय मूल कंटाळते, टोपी ओढून काढते. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी यंत्रालाच त्या एकट्या मुलाचे तरंग ओळखावयास शिकावे लागते.