भाऊसाहेबांचा तोतया आणि फोनवरचा आवाज

हिंगणघाटच्या आम्ही बचतगटाच्या बाया आज तुम्हाला अडीचशे वर्षांमागची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट जुनी, पण प्रश्न आजचा आहे. समोरचा माणूस तोच आहे, हे ओळखायचं कसं?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. सेनापती सदाशिवरावभाऊ पेशवे गर्दीत दिसेनासे झाले. पुढे रणांगणावर शिर नसलेलं एक धड सापडलं आणि ते भाऊंचं असल्याची ओळख पटवली गेली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या. त्या कशाबशा परत आल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी कुंकू पुसलं नाही. त्या एकट्याच अशा नव्हत्या. गेलेल्याचा देहही पाहायला मिळाला नाही, अशी कितीतरी घरं होती.

अशा वेळी एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, "मीच भाऊ." तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता, असं सांगतात. चेहरा भाऊंसारखा होता. त्याला पकडून किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. पण १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, आणि तेही किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याच्याच मदतीनं! बघता बघता हजारो माणसं त्याच्यामागे गेली आणि कोकणचा बराच मुलूख त्याच्या हाती आला. अखेर त्याचा पराभव झाला, आंग्र्यांनी त्याला धरलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे.

एवढे लोक फसले कसे? फोटो तर नव्हताच. पंधरा वर्षांत माणसाचं रूपही बदलतं. पण आम्हाला वाटतं, खरं कारण वेगळं आहे. काहींना आपला माणूस परत यावा असं वाटत होतं. काहींना पुण्याचा कारभार नको होता. तेव्हा पेशवे सवाई माधवराव अवघे दोन वर्षांचे होते, म्हणजे गादी हलवायला संधी होती. डोळ्यांनी चेहरा पाहिला, पण ओळख पटवली ती आशेनं आणि स्वार्थानं.

आता आजचं बघा. फोन येतो, "आई, मी अडकलो, लवकर पैसे टाक." आवाज हुबेहूब मुलाचा. संगणकाला थोडा आवाज ऐकवला, तरी तो नक्कल करतो. आईचं काळीज ते, ती आवाज तपासत बसत नाही. तोतयाला हेच तर पाहिजे असते.

म्हणून आमच्या गटात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि आपल्याजवळच्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. दोन, घरातल्यांनाच ठाऊक असलेलं काही विचारायचं. लहानपणी तुला कोणत्या नावानं हाक मारायचो, असं काही. तीन, गटाचा पैसा एकटीच्या ओळखीवर हलवायचा नाही, दोघीतिघींनी खात्री करायची. तरी पैसे गेलेच, तर लाजून बसू नका, लगेच १९३० वर तक्रार करा.

आपल्या माणसावर माया करायला कोणी नाही म्हणत नाही. पैसे देण्याआधी मात्र एक प्रश्न विचारा. खरा लेक त्यानं रागावणार नाही.