गल्लीतला बार पडद्यावर : हॉलिवूडला 'डाइव्ह बार' का लागतात?

'द गॉडफादर पार्ट टू' (१९७४) या चित्रपटात फ्रँक पेंटांजेली एका अंधाऱ्या बारमध्ये शिरतो आणि मागून त्याच्या गळ्याभोवती फास आवळला जातो. 'द व्हर्डिक्ट' (१९८२)च्या सुरुवातीला दारूच्या आहारी गेलेला वकील, म्हणजे पॉल न्यूमन, बारच्या खिडकीजवळ एकटाच पिनबॉल खेळत असतो. 'क्रोकोडाइल डंडी' (१९८६)मधला ऑस्ट्रेलियन नायक न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये अनोळखी माणसांत मिसळू पाहतो. या तीन चित्रपटांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पण बार एकच आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात अॅव्हेन्यू बी आणि सातवा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावरचा 'व्हॅझॅक्स'. कोणी त्याला पत्त्यावरून '७बी' म्हणतात, कोणी 'हॉर्सशू बार'. विशेष म्हणजे 'द व्हर्डिक्ट'ची कथा घडते बॉस्टनमध्ये!

असे साधे, जुनाट, गल्लीतले बार अमेरिकी चित्रपटांत पुन्हा पुन्हा का दिसतात? तिथे चित्रीकरण कसे होते? आणि चित्रपट गाजल्यावर त्या बारचे पुढे काय होते?

'डाइव्ह बार' म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत 'डाइव्ह' म्हणजे बुडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शहरांतले स्वस्त गुत्ते बरेचदा तळघरात असत. रस्त्यावरून चालणारा माणूस पायऱ्या उतरून एकदम दिसेनासा होई, जणू बुडीच मारे. त्यावरून हे नाव पडले, असे मानले जाते. तेव्हा हा शब्द शिवीसारखाच होता. आज तो बराचसा आपुलकीने वापरला जातो.

डाइव्ह बारची कायद्यात व्याख्या नाही. महाराष्ट्रातल्या 'परमिट रूम' या नावामागे दारूबंदी कायदा आणि पिण्याचा परवाना आहे, तसे काही इथे नाही. ही ओळख लोकांनी ठरवलेली आहे. स्वस्त बिअर, मंद उजेड, झिजलेला लाकडी काउंटर, फाटक्या गादीची स्टुले, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स किंवा पूल टेबल, भिंतीवर वर्षानुवर्षे साचलेले फोटो आणि पाट्या. खाण्याचे पदार्थ जेमतेम. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज येणारी तीच ती माणसे. बारटेंडरला त्यांचे पेय माहीत असते आणि घरची भांडणेही.

दिग्दर्शकाला असा बार का हवा असतो?

पहिले कारण कथेचे. नायक कुठे बसून पितो यावरून त्याची परिस्थिती एका क्षणात कळते. 'द व्हर्डिक्ट'मधला वकील रसातळाला गेला आहे, हे सांगायला संवाद लागत नाही. दिवसाढवळ्या रिकाम्या बारमध्ये पिनबॉल खेळणारा कोटातला माणूस पुरेसा असतो.

दुसरे कारण 'जुनेपणा'चे. नवा सेट जुना दिसावा म्हणून कला विभागाला रंग उडवावा लागतो, लाकूड घासावे लागते, भिंतींवर धुराचे डाग आणावे लागतात. खऱ्या बारमध्ये हे काम हजारो कोपरांनी आणि सिगारेटींनी आधीच केलेले असते.

तिसरे कारण जागेच्या आकाराचे. सरळ काउंटर असेल, तर गिऱ्हाइके एका रांगेत बसतात आणि कॅमेऱ्याला पाठी किंवा अर्धे चेहरे मिळतात. म्हणून बारमागचा आरसा छायाचित्रकाराला प्रिय असतो. 'हॉर्सशू बार'चा काउंटर नावाप्रमाणे घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. त्याच्या दोन बाजूंना बसलेली माणसे समोरासमोर येतात. एकमेकांना न्याहाळणारी दोन पात्रे दाखवायला यापेक्षा सोयीची रचना नाही.

चित्रीकरण होते तरी कसे?

आधी 'लोकेशन स्काउट' शहरभर फिरून जागा हेरतो आणि फोटो काढतो. दिग्दर्शकाची पसंती मिळाली की लोकेशन मॅनेजर मालकाशी करार करतो. त्यात भाडे, धंदा बंद राहील त्या दिवसांची भरपाई, नुकसानीचा विमा आणि 'जागा होती तशी परत करू' ही अट असते. रस्त्यावर ट्रक आणि दिवे लावायचे तर महापालिकेची परवानगी लागते. न्यूयॉर्कमध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी १९६६ मध्ये यासाठी स्वतंत्र चित्रपट कार्यालय सुरू केले. तोवर निर्मात्यांना वेगवेगळ्या खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत. पुढच्या दशकात न्यूयॉर्कचे रस्ते आणि बार पडद्यावर इतके दिसू लागले, त्यामागे हेही एक कारण होते.

चित्रीकरणाच्या दिवशी बारमध्ये सर्वाधिक शांतता असते. ज्यूकबॉक्स बंद, पंखे बंद, बर्फाचे यंत्र बंद. मागच्या टेबलांवरची गर्दी ओठ हलवते, हसते, ग्लास उचलते, पण आवाज करत नाही. गलका आणि संगीत नंतर ध्वनिमिश्रणाच्या वेळी भरले जाते, म्हणजे नायकाचा संवाद स्वच्छ मिळतो. फ्रिजची घरघरही चालत नाही. तो परत सुरू करायला विसरू नये म्हणून ध्वनिमुद्रक आपल्या गाडीची किल्लीच फ्रिजमध्ये ठेवतात, ही या व्यवसायातली जुनी युक्ती आहे. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घ्यायला गेले की फ्रिज आठवतो.

ग्लासातली व्हिस्की बहुधा चहा किंवा रंगवलेले पाणी असते. एकच प्रसंग पंधरा वेळा करायचा, तर खरी दारू परवडणार नाही, पैशाने नाही आणि अभिनयानेही नाही. न्यूयॉर्कच्या बारमध्ये २००३ पासून धूम्रपानाला बंदी आहे. त्यामुळे पडद्यावरचा धूर बरेचदा तंबाखूविरहित सिगारेटचा किंवा यंत्राचा असतो. रात्रीचा प्रसंग दिवसा घ्यायचा असेल, तर खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या जातात.

या सगळ्यात रोजचे गिऱ्हाईक बाहेर असते. काहींना गर्दीत बसायला मिळते. बाकीच्यांना दोन-चार दिवस दुसरा बार शोधावा लागतो.

खरा बार की सेट?

प्रत्येक गाजलेला बार खरा नसतो. बिली वाइल्डर यांच्या 'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) या चित्रपटात रे मिलंड मद्यपी लेखकाच्या भूमिकेत आहे. न्यूयॉर्कच्या थर्ड अॅव्हेन्यूवरचे काही प्रसंग छुप्या कॅमेऱ्यांनी टिपले गेले. बार मात्र त्याच रस्त्यावरच्या 'पी. जे. क्लार्क्स'वरून बेतून हॉलिवूडमध्ये स्टुडिओत उभारला होता. त्या काळची ध्वनियंत्रणा आणि अवजड कॅमेरे पाहता चिंचोळ्या बारमध्ये संपूर्ण चित्रीकरण करणे सोपे नव्हते.

'चिअर्स' (१९८२ ते १९९३) या दूरचित्रवाणी मालिकेत बाहेरचा दर्शनी भाग बॉस्टनच्या 'बुल अँड फिंच' पबचा दिसतो. आतला बार हॉलिवूडमधला सेट होता. पर्यटक पायऱ्या उतरून आत जात आणि 'हा तो नाहीच' म्हणून हिरमुसत. अखेर २००२ मध्ये पबनेच आपले नाव बदलून 'चिअर्स' केले.

याच्या अगदी उलट घडले 'द डिअर हंटर' (१९७८)च्या बाबतीत. पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कामगारांची ही कथा. त्यांचा अड्डा असलेला बार ओहायो राज्यातल्या मिंगो जंक्शन या गिरणीगावात, एका रिकाम्या दुकानात २५,००० डॉलर खर्चून बांधला गेला. चित्रीकरण संपल्यावर तो खराच बार झाला आणि गावातले पोलाद कामगार तिथे बसू लागले.

'गुड विल हंटिंग' आणि साउथ बॉस्टनचा बार

गल्लीतल्या बारचे सर्वांत बोलके उदाहरण 'गुड विल हंटिंग' (१९९७)चे आहे. मॅट डेमन आणि बेन अॅफ्लेक यांनी लिहिलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे, तर रॉबिन विल्यम्स यांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. कथा बॉस्टनची असली, तरी खर्च वाचवण्यासाठी आतले बरेच प्रसंग कॅनडातल्या टोरांटोमध्ये चित्रित झाले. विल आणि त्याचे मित्र ज्या बारमध्ये बसतात, तो मात्र खरा आहे, साउथ बॉस्टनमधला 'एल स्ट्रीट टॅव्हर्न'.

हा बार खराच का हवा होता, ते वस्ती समजली की कळते. साउथ बॉस्टन, म्हणजे स्थानिकांचे 'साउदी', हा आयरिश वंशाच्या कामगारांचा बालेकिल्ला. बंदर, गोदी, कारखाने, चर्च आणि कोपऱ्यावरचा बार. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी १९७४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मुलांना बसमधून दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेणे सुरू झाले, तेव्हा या भागात उग्र आणि हिंसक विरोध झाला. बाहेरच्यांविषयी संशय आणि आतल्यांविषयी पराकोटीची निष्ठा हा या वस्तीचा स्वभाव. विलची अडचणही तीच आहे. गणितातली असामान्य बुद्धी त्याला बाहेर नेऊ शकते, पण बाहेर जाणे म्हणजे या टेबलावरची जागा सोडणे. हार्वर्डजवळचा विद्यार्थ्यांचा बार आणि हा बार यांतले अंतर म्हणजेच चित्रपटाची कथा.

पुढे या दोन बारचे नशीबही वेगळे निघाले. हार्वर्ड परिसरातला, चित्रपटात झळकलेला 'बो अँड अॅरो' पब बंद पडला. 'एल स्ट्रीट टॅव्हर्न' टिकला आणि चित्रपटाच्या चाहत्यांचे येण्याचे ठिकाण झाला.

चित्रपटामुळे बार वाचतो का?

याचे सरळ उत्तर 'खात्री नाही' असेच आहे. चित्रीकरणाचे पैसे एकदाच मिळतात. भाडे दर महिन्याला द्यावे लागते. बरेच बार भाड्याच्या जागेत असतात आणि भाडेकरार संपल्यावर घरमालक त्या जागेत कोणता चित्रपट घडला, हे पाहत नाही.

वस्ती महाग झाली की धोका वाढतो. 'हॉर्सशू बार'समोरच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये ऑगस्ट १९८८ मध्ये पोलीस आणि आंदोलक यांच्यात मोठी चकमक झाली. निमित्त होते उद्यान रात्री बंद करण्याचे. पण खदखद होती वाढत्या भाड्यांची आणि जुन्या रहिवाशांना बाहेर ढकलणाऱ्या श्रीमंतीकरणाची. ज्या कळकट कोपऱ्यामुळे दिग्दर्शक तिथे आले, तो कोपराच बदलत होता.

बॉस्टनमध्ये आणखी एक पेच आहे. तिथे मद्यपरवान्यांच्या संख्येवर राज्याच्या कायद्याने मर्यादा घातली आहे. नवा परवाना सहज मिळत नाही, म्हणून जुन्या परवान्याला काही लाख डॉलरचा भाव येतो. तीन-चार डॉलरची बिअर विकून जे जमत नाही, ते परवाना विकून एका सहीत मिळते. निवृत्तीला आलेल्या मालकाला दोष देणे अवघड आहे. मात्र असे परवाने पैसेवाल्या भागांतल्या रेस्टॉरंटांकडे गेले, की साध्या वस्त्यांतले अड्डे कमी होतात.

कधी हट्टही कामी येतो. 'पी. जे. क्लार्क्स'च्या मागे १९७०च्या सुमारास ४७ मजली इमारत उभी राहिली. पण बारची छोटी विटांची इमारत तिच्या पायथ्याशी आजही आहे. यात चित्रपटापेक्षा मालकांनी जागा न सोडण्याचा वाटा मोठा होता.

जाणार असाल तर

अमेरिकेत मद्यपानासाठी किमान वय २१ आहे. केस पिकलेले असले, तरी ओळखपत्र जवळ ठेवा. थोडी रोख रक्कम न्या, कारण काही जुने बार कार्ड घेत नाहीत. प्रत्येक पेयामागे एखादा डॉलर टिप देण्याची रीत आहे. नुसते फोटो काढून निघू नका. काहीतरी मागवा, निदान सोडा तरी. गिऱ्हाइकांचे चेहरे विचारल्याशिवाय टिपू नका. त्यांच्यासाठी ते चित्रपटाचे ठिकाण नाही, कामावरून सुटल्यावर बसायची जागा आहे. आणि ठराविक स्टुलावर बसण्याआधी बारटेंडरला विचारा. ते कोणाचे तरी असू शकते.

'द डिअर हंटर'चा बार चित्रपटासाठी बांधला गेला, पण कामगार येऊन बसल्यावरच तो खऱ्या अर्थाने बार झाला. '७बी' किंवा 'एल स्ट्रीट' टिकतील की नाही, हेही त्याच गोष्टीवर अवलंबून आहे. मंगळवारी संध्याकाळी, एकही पर्यटक नसताना, तिथे कोण बसलेले असते?