चुना लागलेली पिढी

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा असं आमच्याकडे ठरलं. म्हणजे हिनं ठरवलं आणि मला कळवलं. रंगाच्या दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्यानं शेडकार्ड उलगडलं आणि विचारलं, "काका, फिनिश कुठलं? मॅट, सॅटिन की ग्लॉस?"

फिनिश हा शब्द मी आजवर शर्यतीच्या शेवटीच ऐकला होता. म्हटलं, "भिंतीला चिकटेल असं कुठलंही द्या."

आमच्या लहानपणी प्रश्न एकच असे : चुना यंदा की पुढल्या वर्षी? पत्र्याच्या पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं की ते रटरटा उकळू लागे. चूल नाही, काडी नाही, तरी उकळतंय! विज्ञानाचा पहिला धडा आम्ही तिथं घेतला. मग चुना गाळून त्यात थोडा सरस आणि चिमूटभर नीळ. कुंच्यानं मारला की भिंत आधी रडवेली दिसे आणि वाळता वाळता पांढरी होत जाई. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा चुनखडी होतो, हे पुढे शाळेत कळलं. म्हणजे आम्ही दरसाल भिंतीवर पातळसा दगडच चढवत होतो! तरीही तो टेकणाऱ्याच्या पाठीला लागेच. कोण कुणाच्या घरी गप्पा मारून आलं, हे आळीला सदऱ्यावरून कळे.

मग डिस्टेंपर आलं. म्हणजे खडूची पूड, सरस आणि रंग. ओलं फडकं लागलं की तेही भिंत सोडून फडक्याकडे यायचं. पुढे त्यात तेल मिसळलं, तेव्हा ते जरा स्थिरावलं. ज्यांची ऐपत होती ते कमरेएवढ्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा मारून घेत. १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स निघाली आणि १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू काढला. २००२ साली तो निवृत्त झाला. आमच्यासारखाच, निरोपसमारंभाशिवाय.

तिकडे अमेरिकेत महायुद्धात रबराचा तुटवडा पडला म्हणून कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, ग्लिडन कंपनीनं त्याच रसायनाचा पाण्यात कालवायचा रंग काढला. आजच्या इमल्शनचा तो पूर्वज. थोडक्यात, भिंतीच्या रंगाचा इतिहास म्हणजे भिंत पुसता यावी म्हणून माणसानं केलेली खटपट.

फिनिशचं मर्मही विक्रेत्यानं सांगितलं. रंगात पूड जास्त आणि तिला बांधणारा चीक कमी असेल, तर पृष्ठभाग खरबरीत राहून उजेड विखुरतो. ते मॅट. ते भिंतीचे खड्डे झाकतं, पण डाग धरतं. चीक जास्त झाला की ग्लॉस. ते पुसायला सोपं, पण भिंतीचं प्रत्येक टेंगूळ चारचौघांत उघडं पाडणारं. सॅटिन मध्यममार्गी, आपल्यासारखं. आम्ही स्वयंपाकघराला सॅटिन आणि खोल्यांना मॅट घेतलं.

अडलं ते मधल्या खोलीत. तिथं जमिनीपासून तीनेक फुटांवर वाटीएवढा तेलकट डाग आहे. अण्णा ऑफिसातून आले की तिथं भिंतीला डोकं टेकून पेपर वाचत. खोबरेल तेल भिंतीत मुरत गेलं. आई दर दिवाळीला करवादायची. चुना मारला, डाग वर आला. डिस्टेंपर मारलं, पुन्हा आला. अण्णा १९८६ साली गेले. त्यानंतरच्या दोन रंगांतूनही तो वर आला.

रंगारी म्हणाला, "काका, आधी सीलर मारतो. डाग कायमचा बंद."

मी काही बोललो नाही. ही आतून म्हणाली, "त्या भिंतीला सीलर नको."

"मग वर येईल, काकू. गॅरंटी नाही."

"येऊ दे. मामंजींचा आहे तो."

दिवाळी झाली. भिंत अजून कोरी आहे. हल्ली संध्याकाळी मीच तिथं टेकून पेपर वाचतो. मला तेल लावायला केस उरलेले नाहीत. तेव्हा भिंतीवर काही उमटलंच, तर ते अण्णांचंच असणार.