जगातला सर्वात छोटा विमानप्रवास : वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर किती, वेळ किती?

विमानात बसलो, सीटबेल्ट लावला आणि उतरायची वेळ झाली! स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात असा प्रवास खरोखर होतो. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधली ही सेवा जगातली सर्वात कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा मानली जाते.

अंतर किती?

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर फक्त २.७ किलोमीटर आहे. एडिनबरा विमानतळाची धावपट्टीच अडीच किलोमीटरपेक्षा थोडी लांब आहे, म्हणजे हा सगळा प्रवास जवळपास एका मोठ्या धावपट्टीएवढा!

वेळ किती लागतो?

वेळापत्रकात २ मिनिटं दिलेली असतात. प्रत्यक्षात विमान बहुतेक वेळा दीड मिनिटाच्या आसपास हवेत असतं. वारा पाठीशी असेल तर त्याहून कमी. आजवरचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर. समोरून जोराचा वारा असेल किंवा उतरण्यासाठी वळसा घ्यावा लागला तर वेळ वाढतो. त्यामुळे अंतर तेच असलं तरी प्रवासाचा वेळ रोज सारखा नसतो.

विमान कोणतं?

लोगनएअर कंपनी १९६७ पासून ही सेवा चालवते. त्यासाठी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचं छोटं विमान वापरलं जातं. त्यात ८ प्रवासी बसतात. कधी कधी एखाद्या प्रवाशाला थेट वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते! हे विमान अगदी आखूड धावपट्टीवरही उतरू शकतं.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला?

दोन्ही बेटांना जोडणारा पूल नाही. बोटीने साधारण २५ मिनिटं लागतात, पण उत्तरेकडचा समुद्र खवळला की बोटीचा भरवसा राहत नाही. शिवाय विमान फक्त या दोन बेटांसाठी येत नाही. ते ऑर्कनीचं मुख्य शहर किर्कवॉल इथून निघतं, दोन्ही बेटांवर थांबतं आणि परत जातं. दोन मिनिटांचं उड्डाण हा त्या फेरीचा एक टप्पा आहे.

पापा वेस्ट्रेवर शंभरहून कमी लोक राहतात. डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी आणि किर्कवॉलच्या रुग्णालयात जाणारे रुग्ण यांना हेच विमान उपयोगी पडतं. एवढ्या थोड्या प्रवाशांच्या तिकिटांवर सेवा चालणं कठीण, म्हणून ऑर्कनीची स्थानिक परिषद तिला अनुदान देते.

पर्यटकही मुद्दाम हा प्रवास करतात. मात्र बेटावरच्या लोकांसाठी हे विमान म्हणजे आपल्या गावची एसटीच!