अस्थिमज्जा प्रत्यारोपण, मुलांची मूत्रपिंडे आणि विषाणू : पुणे-मुंबईच्या वाटेने एक इतिहास

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मुलांच्या मूत्रपिंडांना आणि मूत्राशयाला इजा करणारे दोन विषाणू प्रमुख आहेत : बीके विषाणू आणि ॲडेनोविषाणू. धडधाकट मुलात बीके विषाणू सहसा जाणवतही नाही आणि ॲडेनोविषाणूचा ताप-सर्दीसारखा त्रास बहुधा आपोआप बरा होतो. प्रत्यारोपणाच्या काळात मात्र प्रतिकारशक्ती मुद्दाम जवळपास नाहीशी करावी लागते. तेव्हा लघवीतून रक्त जाणे, जळजळ, मूत्रमार्गात रक्ताच्या गाठी अडकणे आणि मूत्रपिंडांचे काम मंदावणे असे विकार उद्भवतात. हे विकार ओळखण्याच्या इतिहासात पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांचे धागे गुंतलेले आहेत. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे भागांतल्या मुलांनाही प्रत्यारोपणासाठी याच शहरांकडे यावे लागते.

ॲडेनोविषाणू १९५३ साली अमेरिकेत सापडला. १९६८ मध्ये जपानी डॉक्टरांनी लघवीतून रक्त जाणाऱ्या मुलांमध्ये त्याचा अकरावा प्रकार शोधून काढला. त्याच वर्षी मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या पथकाने जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका तान्ह्या मुलाला बहिणीची अस्थिमज्जा दिली आणि ते मूल जगले. बीके विषाणू मिळाला तो लंडनमध्ये, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत. सिल्व्हिया गार्डनर आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली तो शोध प्रसिद्ध केला. विषाणूला त्या रुग्णाची आद्याक्षरे मिळाली.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. क्यासनूर जंगल तापावर या केंद्रात जे काम झाले, त्यात डॉ. कीर्ती शाह होते. पुढे ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि बीके विषाणूच्या अभ्यासकांत अग्रणी ठरले. १९७३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मेरीलँडमधल्या रहिवाशांचे रक्त तपासून दाखवले, की दहा-अकरा वर्षांच्या वयापर्यंत जवळपास सर्व मुलांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तयार झालेली असतात. म्हणजे संसर्ग लहानपणीच, नकळत होऊन जातो. त्यानंतर विषाणू मूत्रपिंडाच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशींत आयुष्यभर सुप्त राहतो. प्रत्यारोपणासाठी दाखल होणारे मूल हा धोका बहुधा स्वतःच्या शरीरातच घेऊन येते.

भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. त्या काळात प्रत्यारोपणानंतर लघवीतून रक्त गेले, तर जगभर पहिला संशय सायक्लोफॉस्फामाइड या औषधावर घेतला जाई. या औषधापासून तयार होणारे ॲक्रोलीन हे द्रव्य मूत्राशयाचे अस्तर जाळते. ते टाळण्यासाठी भरपूर सलाइन आणि मेस्ना हे औषध देण्याची पद्धत पडली. तरीही काही रुग्णांत औषध थांबून कित्येक आठवडे उलटल्यावर रक्तस्राव सुरू होई आणि त्याचा उलगडा होत नसे.

तो उलगडा १९८६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये झाला. डॉ. शाह यांचा सहभाग असलेल्या पथकाने प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची लघवी नियमित तपासली. ज्यांच्या लघवीत बीके विषाणू आढळला, त्यांच्यात सात दिवस किंवा अधिक टिकणारा रक्तस्राव इतरांच्या चौपट आढळला.

आजाराचा क्रम पुढे हळूहळू स्पष्ट झाला. आधीच्या केमोथेरपीने मूत्राशयाचे अस्तर दुखावलेले असते. प्रतिकारशक्ती नसल्याने विषाणू तिथे मोकाट वाढतो. दोन-चार आठवड्यांनी दात्याच्या पेशी रुजतात, नव्या पांढऱ्या पेशी विषाणूग्रस्त पेशींवर तुटून पडतात आणि रक्तस्राव होतो. मोठ्या गाठींनी मार्ग तुंबला तर लघवी मागे साचून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ॲडेनोविषाणू थेट मूत्रपिंडातही शिरतो. तेव्हा ताप येतो आणि कंबरेच्या वरच्या बाजूला दुखते. सायक्लोस्पोरिनसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी आवश्यक औषधेही मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्यामुळे मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची खूण असलेले रक्तातले क्रिएटिनिन वाढले, की दोष औषधाचा की विषाणूचा, हे ठरवणे कठीण जाते.

पूर्वी लघवीतल्या फुगलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अंदाज बांधावा लागे. विषाणूचे जनुकीय द्रव्य ओळखणारी पीसीआर तपासणी आल्यावर लघवीतले आणि रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजता येऊ लागले. बीके विषाणूवर खात्रीचे औषध अजूनही नाही. सलाइन, रक्त आणि प्लेटलेट देणे, नळी घालून मूत्राशय धूत राहणे, शक्य तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करणे, हाच उपचारांचा कणा आहे. सिडोफोविर हे विषाणूविरोधी औषध १९९६ पासून वापरात आहे, परंतु ते स्वतःच मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. विषाणू ओळखणाऱ्या दात्याच्या टी-पेशी देण्याचा मार्ग आशादायक आहे, मात्र तो मोजक्याच केंद्रांत उपलब्ध आहे.

दरम्यान महाराष्ट्रात प्रत्यारोपणाचा विस्तार झाला. टाटा मेमोरियलचा प्रत्यारोपण विभाग त्याच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात गेला, मुंबई महापालिकेने बोरिवलीत मुलांसाठी केंद्र उभारले आणि पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयासारख्या ठिकाणी प्रत्यारोपणे होऊ लागली. कर्करोगाबरोबर थॅलेसेमियाच्या मुलांनाही त्याचा लाभ मिळाला. पूर्ण जुळणारे भावंड नसेल तर आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी अस्थिमज्जाही चालू लागली. हे मोठे वरदान आहे. मात्र अशा प्रत्यारोपणात बीके विषाणूचा रक्तस्राव अधिक आढळतो. ज्या बदलांनी अधिक मुलांना जीवदान दिले, त्यांनीच मूत्रपिंडांची निगराणी अधिक गरजेची केली.

भोर-वेल्ह्याच्या कुटुंबांसाठी ही निगराणीच सर्वांत अवघड असते. साधारण पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहण्याचा सल्ला दिला जातो. मुंबईत उपचार घेणाऱ्या गावाकडच्या कितीतरी कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. शंभर दिवसांनंतर मूल भाटघर किंवा पानशेत धरणामागच्या गावी परतते, तरी तपासण्या संपत नाहीत. क्रिएटिनिन, लघवी आणि रक्तदाब यांवर अनेक महिने लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी दर वेळी, घाटमाथ्याच्या पावसातही, मजुरी बुडवून पुणे गाठावे लागते. यांतल्या साध्या तपासण्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्हाव्यात, तिथल्या डॉक्टरांच्या हाती प्रत्यारोपण केंद्राची कागदपत्रे असावीत आणि लाल लघवी, गाठी, ताप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसताच मुलाला त्याच दिवशी पुढे पाठवावे. इतकी व्यवस्था झाली, तर मूत्रपिंडांची इजा वाढण्याआधीच मूल उपचारांपर्यंत पोहोचू शकते.