तुकोगंज पायी बघताना

गाडीतून गेलं की तुकोगंजात नुसती फाटकं दिसतात. पायी हिंडलं की इंदूरचा इतिहास दिसतो, म्हणून मी सकाळी चालतच निघते.

तुकोजीराव होळकरांच्या नावाची ही श्रीमंत वस्ती. सर सेठ हुकुमचंदांचं इंद्रभवन इथलंच, आणि इतवारियातलं काच मंदिरही त्यांचंच. आम्हा जैनांना त्यांचा केवढा अभिमान! पाहुणा आला की आधी काच मंदिर दाखवायचं, हा आमच्या घरचा नेमच.

पण हे वैभव आलं कुठून? कापसातून आणि गिरण्यांतून. तसंच पुढे चालत राहिलं की मालवा मिल, परदेशीपुरा लागतो. बंगले संपतात, कामगारांच्या वस्त्या सुरू होतात. पॅट्रिक गेडिसही इथल्या गल्ल्या पायी हिंडले होते. 1918 च्या अहवालात त्यांनी होळकर दरबाराला सांगितलं, सरसकट पाडापाडी नको, आहे ते जपून सुधारा.

हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी सुटले ते डिसेंबर 2023 मध्ये. बत्तीस वर्षं! कित्येकांनी तोवर डोळे मिटले होते.

आमच्यात ईर्यासमिती सांगितली आहे: चार हात पुढची जमीन बघत चालावं, पायाखाली जीव येऊ नये. मुंगी वाचवायला शिकलो खरं. गिरणीतला माणूस मात्र नजरेतून सुटला.

अभिमान मी टाकलेला नाही हो. फक्त काच मंदिर झालं की पाहुण्यांना आता गिरण्यांच्या बाजूलाही नेते. चालतच.